हात वर

रविवारी रात्री कारखान्याच्या गच्चीवर
पाण्याच्या टाकीला चादर बांधली.
प्रोजेक्टर कुठल्याशा मंडळाचा, स्पीकर कुणाच्या तरी मेव्हण्याचा,
पिक्चर बंगाली.
खाली रविवार पेठ शटर ओढून पडलेली,
वर घाटालकडची सतरा पोरं
आणि मी एक धोंगडे,
त्यांच्या तोंडी धोंगडेदा.
खुर्ची एकच होती. ती मला दिली.

माझं काम तुम्हाला सांगायला हवं.
संध्याकाळी साडेसातला मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहतो
आणि एकेकाची झडती घेतो.
कॉलर, खिसे, कमरेची शिवण,
केसांतून बोटं,
जिभेखाली पाहायचं तर बॅटरी.
हात धुतलेलं पाणीसुद्धा आम्ही फेकत नाही,
पिंपात साठवतो.
झाडलोटीची धूळ झारेकरी विकत नेतो.
अकरा वर्षं झाली,
अजून गुंजभर सापडलेलं नाही.
शेठ म्हणतात, म्हणजे झडती चोख आहे.

तर पिक्चर.
एका जमीनदाराच्या देवघरातून नीलम जातो,
कबुतराच्या अंड्याएवढा.
तो पडद्यावर आला तसा निरापद कर्मकार ओरडला, काच!
निरापद बावीस वर्षं खडे बसवतो,
चादरीच्या सुरकुतीतूनही त्याला कळतं.
"कोंदण बघा धोंगडेदा, डिंकाने चिकटवलंय!"
मग त्या काचेमागे अख्खं कलकत्ता धावत सुटतं.
दोन भाऊ, एक जाडा आणि एक त्याहून जाडा,
एक गुंड, ज्याला शिंकल्याशिवाय गोळी झाडता येत नाही,
नीलम रसगुल्ल्याच्या मडक्यात, मडकं ट्राममध्ये,
ट्राम सुटली, धोतर दारात अडकलं,
बांबूच्या मांडवावर हाणामारी, मांडव आडवा,
ढोलवाला मात्र वाजवतोच आहे.
सुबल माझ्या कानाशी मराठी करत होता.
"आता मासा गिळला!"
आमच्या धंद्यात मासा म्हणजे आठ गुंजा,
मी विचारलं, किती मासे?
"एकच," तो म्हणाला, "पण मोठा."

मध्येच एक हवालदार येतो.
सगळ्यांना सोडून एका किरकोळ पोराला धरतो.
कॉलर, खिसे, कमरेची शिवण.
बरोबर त्याच क्रमाने.
सीन विनोदी होता, मागचं संगीत तसंच होतं.
पोरं हसली नाहीत असं नाही. हसली.
फक्त माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.
इतकं नीट न पाहणं फार कसबाचं काम,
खडा बसवण्यासारखं.
चोराच्या मनात चांदणं म्हणतात.
त्या रात्री गच्चीवर होतंच चांदणं,
माझ्या खुर्चीवर जरा जास्त.

उठलो. धायरीच्या शेवटच्या बसचं कारण सांगितलं.
जिन्याच्या तोंडाशी पल्टू आडवा आला,
सगळ्यांत लहान, वीस असेल नसेल.
"धोंगडेदा, हात वर."

मागचं हसणं थांबलं. प्रोजेक्टरचा पंखा तेवढा ऐकू येत होता.
मी हात वर केले.
त्याने कॉलर पाहिली, खिसे, कमरेची शिवण,
चांगलं शिकलाय, कुणाकडून ते आलंच.
डाव्या खिशात सापडलं ते असं :
बसचा पास, चष्म्याचं फडकं
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन संदेश,
ताटलीतून न विचारता उचललेले,
नातीसाठी.

"चोर!" निरापद ओरडला,
आणि सगळी गच्ची हसून फुटली.
मला आणखी चार बांधून दिले.

सोमवार, साडेसात, जिन्याचं तोंड.
पल्टूने हात वर केले,
मी कॉलरपासून सुरुवात केली.
काय करणार, पगार त्याचाच आहे.
कमरेशी आल्यावर विचारलं,
शेवटी सापडला का रे तो नीलम?
"सापडला ना. आजीच्या पानाच्या डब्यात.
तिला ठाऊकच नाय. रोज त्याने सुपारी फोडायचा."

मी इतका हसलो की पायरीवर बसलो.
मागे रांग वाढत गेली,
आणि पल्टूला हात खाली घे म्हणायचं
राहूनच गेलं.